बाबांनी सांगितलेला सिनेमा

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

बाबांनी आज कागद दाखवला. चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलेला, घामानं कडा मऊ पडलेल्या. कंपनीचं आणखी दोन वर्षांचं कंत्राट. तीस तारखेच्या आत सही दिली नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढणार नाही. मग फायनल एक्झिट — म्हणजे कायमचं घरी.

मी म्हटलं, "बाबा, सही करायची नाही."

म्हणाले, "इंग्रजीत आहे. तू वाचून तर दाखव."

सगळा वाचला, मराठीत समजावला. बाबा एकटक माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी ठरणार.

म्हणाले, "छपाई सुबक आहे."

चोवीस वर्षं झाली. रियाधमधल्या ओलाया भागातल्या एकाच टॉवरच्या तळघरात, एकाच चिलर प्लांटमध्ये. वरच्या बँकांमधले लोक नोव्हेंबरातही स्वेटर घालून बसतात ते बाबांच्या कृपेनं. दोन वर्षांतून एकदा पंचेचाळीस दिवस घरी. मी हिशोब करायचं सोडून दिलंय. आता आठ महिने मी इथल्याच हॉस्पिटलात मिळवती आहे, आई खेडला एकटी आहे. आता पुरे.

कागद मी काढून घेतला. माझ्या पर्समध्ये आहे. बाबा म्हणाले, "आमच्या घरात एक माणूस ग्रॅज्युएट झालं आणि बाकीचे सगळे नापास झाले."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाबांच्या खोलीवर जेवले आणि मग आईला फोन. दर शुक्रवारचा कार्यक्रम. बाबा फोन हातात घेतात, स्पीकर लावतात आणि सुरू होतात — हवा, डाळीचा भाव, खोलीतला मलबारी माणूस कसा घोरतो, मंजिरी, म्हणजे मी, कशी वाळली आहे. दहा मिनिटं आकाशवाणी. मग "बरं, ठेवतो, खलास." आईला मध्ये "अहो, पण" एवढंच म्हणता येतं.

लहानपणापासून हेच. आधी तर फोनही नव्हता परवडत, गावी येणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट यायची. कॅसेटवर बाबाच बोलणार, आपण ऐकणार. ती सवय अजून गेलेली नाही.

नंतर मी बसमधून आईला वेगळा फोन केला. म्हटलं, बाबांना घरी पाठवतेच. आई म्हणाली, "कशाला मागे लागतेस त्यांच्या? त्यांना नाही यायचं. मागच्या सुट्टीत मी हाक मारायची तर वळूनसुद्धा बघत नव्हते. माणूस तिकडचा झाला की तिकडचाच."

मी आईला रागावले. माणूस असा तुटतो यावर माझा विश्वास नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हॉस्पिटलात दिवसभरात चौदा कान तपासले. एकही बाबांचा विषय काढण्याइतका मोकळा वेळ नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

युक्ती सुचली. बाबांना सिनेमाला न्यायचं, खूश करायचं, आणि बाहेर आल्यावर कंत्राटाचं बोलायचं. ते इथे आले तेव्हा रियाधमध्ये थिएटरच नव्हती. आता मॉलमॉलमध्ये आहेत, पण त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. "मला कोण बसवून घेणार?" म्हणतात, जसं काही लग्नाचं आमंत्रण लागतं.

सिनेमा लहान मुलांचा आहे. कार्टून, विनोदी. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट, पण आजच्या तऱ्हेनं. मुद्दाम तोच निवडला. ही गोष्ट मला पहिल्यांदा बाबांनीच सांगितली होती, कॅसेटवर. टॉवरमध्ये कुणाच्या तरी मुलाचं चित्रांचं पुस्तक राहिलं होतं, ते बघून. अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे चित्रांच्या मधलं सगळं बाबांचं. त्यांच्या गोष्टीत शंभर वर्षांनी राजवाडा जागा होतो तेव्हा राणी आधी ओरडते, "अगोबाई, दूध उतू गेलं असेल." मी बारा वर्षांची होईपर्यंत मला तेच खरं वाटायचं.

कॅसेटवर बाबांच्या आवाजामागे सारखी घरघर असायची. मला वाटायचं, अख्खा राजवाडा घोरतोय. बाबांनी किती छान केलंय.

तबस्सुम — माझी खोलीतली जोडीदार, सोलापूरची, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स — म्हणते, "कार्टून दाखवून बापाचं मन वळवणारी तू पहिलीच." हसू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काय दिवस होता! नीट लिहून ठेवते.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. केसांना तेल. मॉलच्या सरकत्या जिन्याखाली उभे राहून वरची एसीची जाळी बघत होते. "हवा बरोबर सोडलेली नाही यांनी." मी ओढून नेलं.

सिनेमा अरबीत होता, खाली इंग्रजी अक्षरं. आता आली का पंचाईत — मला अरबी हॉस्पिटलपुरतं येतं, "कान दुखतो का, किती दिवस झाले" एवढंच. अक्षरं वाचून माझं भागत होतं. पण बाबा म्हणाले, "वाचत कशाला बसतेस? मी आहे ना. चोवीस वर्षं काय झक मारली इथे?" आणि त्यांनी भाषांतर सुरू केलं. मोठ्यानं. अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं.

पडद्यावर राजा मुलीपुढे गुडघे टेकून म्हणतो — मी खाली वाचलं — "मी राज्यातले सगळे चरखे जाळले, पण का ते तुला कधी सांगितलं नाही. चुकलं माझं."

बाबा म्हणाले, "राजा म्हणतोय, माझी चप्पल कुठे गेली?"

राजपुत्राला घोड्याची ॲलर्जी असते, तो शिंकत शिंकत क्षमा मागत असतो. बाबा म्हणाले, "हा विचारतोय, मुलगी स्वयंपाक करते का. ती म्हणते, तूच कर." दुष्ट परी बारशाचं आमंत्रण हरवलं म्हणून रडते तो प्रसंग तर मी खरोखर गंभीरपणे बघत होते. बाबा म्हणाले, "हिचा कफील पासपोर्ट देत नाही." कफील म्हणजे इथला नोकरीवर ठेवणारा मालक.

मी दोनदा सांगितलं, "बाबा, तसं नाहीये." त्यांनी मान हलवली आणि पुढचं सांगायला घेतलं. पुढच्या रांगेत एक सौदी बाई तीन मुलांना घेऊन बसली होती. धाकटी मुलगी सिनेमा सोडून मागे वळून बाबांकडेच बघत राहिली. तिला मराठी काय कळणार, पण हसत होती.

मधल्या भागात राजवाडा झोपी जातो. पडदा पूर्ण काळा. दोन-तीन मिनिटं नुसते आवाज — घोरणं, शिट्ट्या, कुणी झोपेत भांडतोय, आचारी झोपेत पाककृती सांगतोय, राजकन्या मधूनच सगळ्यांना गप्प करतेय. थिएटर हसून लोळत होतं. मीही. बाबा माझ्याकडे वाकले आणि — या वेळी हळूच — म्हणाले, "बघ, कसं शांत झालं सगळं."

किती कोरडेपणानं म्हणाले! मला हसताना ठसका लागला.

शेवटी बाबा नाराज. "दूध दाखवलंच नाही यांनी."

कंत्राटाचं बोलायचं राहून गेलं. बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्लं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तबस्सुमला बाबांचं भाषांतर करून दाखवलं. ती पलंगावर आडवी झाली. म्हणाली, "चाचा अरबी कुठे शिकले?" मी म्हटलं, तळघरात. यंत्रांशी बोलून.

लिहिताना जरा अपराधी वाटतंय. चोवीस वर्षांत माणसाची भाषा एवढीच होते? की बाबा माझी थट्टा करत होते? बहुधा थट्टाच. कंत्राटाचा विषय टाळायला माणूस काहीही करेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज एक पाच वर्षांचा मुलगा आला होता. त्याची आई सांगत होती, याला सगळं ऐकू येतं, हा फक्त हट्टी आहे, समोर उभं राहून सांगितलं की लगेच करतो, मागून हाक मारली की लक्षच देत नाही. मी नेहमीसारखी शांतपणे समजावत होते. ताई, मूल हट्टी नाही. ते तुमच्या तोंडाकडे बघून —

आणि तिथेच थांबले. ती बाई माझ्याकडे बघत राहिली.

"बघ, कसं शांत झालं सगळं."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तबस्सुमला विचारलं, तू बाबांना पहिल्यांदा भेटलीस तेव्हा काय झालं होतं? ती म्हणाली, "बुरा मत मानना. हॉस्पिटलच्या गेटवर मी मागून तीनदा सलाम केला. बघितलंच नाही. मला वाटलं, चाचांना माझं तुझ्याबरोबर राहणं आवडलं नाही. मग समोर गेले तर एकदम प्यार से बोलले."

आठ महिने ही गोष्ट तिनं मनात ठेवली. आणि मी आठ महिने त्यांच्यासमोर बसून जेवतेय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाबांशी खोटं बोलायचं नाही हा माझा नियम होता. आज मोडला. फोनवर म्हटलं, नवीन मशीन आलंय, सरावाला एक माणूस हवाय. तीनदा सांगावं लागलं. मग संदेश पाठवला. ते ड्यूटी संपवून आले. बुटांना ग्रीस.

आमची तपासणीची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली एक पेटी. माणूस आत बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. मी बाहेर कळा दाबते. मोठ्यांची खुर्ची पाठमोरी असते. आज सकाळी लहान मुलं होती, खुर्ची काचेकडे तोंड करून राहिली होती. मी तशीच राहू दिली.

बाबांनी पैकीच्या पैकी गुण मिळवले. अगदी बारीक आवाजही. मी इतकी आनंदले! वाटलं, मीच मूर्ख. मग कागदावरच्या खुणा बघितल्या. साठ वर्षांच्या माणसाचा कान असा नसतो. पंधरा वर्षांच्या मुलाचाही नसतो.

मी परत हात कळेवर नेला, खाली बघितलं, पण कळ दाबली नाही.

बाबांनी बटण दाबलं.

मी आत गेले आणि खुर्ची फिरवली. बाहेर आले. कळ दाबली. आवाज वाढवला. दाबली. वाढवला. त्यांच्या मानेच्या मागे एक पांढरा केस वर उभा राहिला होता, तेवढाच हलत होता. बटण बराच वेळ वाजलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बत्था बाजारातल्या चहाच्या दुकानात बसलो. मी समोर बसले, उजेडाकडे तोंड करून. असं रोज अनोळखी माणसांसाठी करते.

विचारलं, कधीपासून?

"तू बारावीला होतीस तेव्हापासून. आधी पक्षी गेले. मग तुझ्या आईचा आवाज."

प्लांटमध्ये कुणाला कळलं नाही?

"तिथे कोण कुणाला ऐकतोय? सगळे हातांनी बोलतात. तिथे मी चोख माणूस आहे, बाय. इकाम्याच्या मेडिकलला रक्त घेतात, छातीचा फोटो काढतात. कान कोण विचारतो?"

मग हळूहळू बाकीचं आलं. घरी गेलं की आई चुलीपाशी पाठ करून बोलते. मागच्या दारातून बोलते. बाबा पडवीत. उत्तर दिलं नाही की रुसते. गेल्या सुट्टीत तीन दिवस जेवणाच्या ताटापलीकडे बोलली नव्हती. म्हणून फोनवर ते थांबतच नाहीत. थांबले तर ती काहीतरी विचारणार.

"म्हणून सही करायची आहे तुम्हाला?"

"दोन वर्षं बरी जातील इथे."

"आईला सांगायचं होतं सरळ."

"काय सांगू? तुला साडी आणली, कान तिकडेच विसरलो?"

मला हसू आलं आणि रडूही. दुकानदार बघत होता. मी म्हटलं, आणि मी? कानांचं शिकले मी. चार वर्षं शिकले. बाबा म्हणाले, "तुझ्यासमोर सर्वांत सोपं. तू लहानपणापासून शाळेतल्या बाईंसारखी बोलतेस, एकेक अक्षर सुटं. तुझ्या तोंडावरची अक्षरं वाचायला काही कष्टच नाहीत."

मग मी सिनेमाचं विचारलं. बाबा जरा ओशाळले. "माणसांची तोंडं कळतात मला. अरबीसुद्धा कळतं. पण त्या कार्टूनना धड ओठ तरी असतात का? नुसती उघडझाप. पहिल्या पाच मिनिटांत कळलं, आपलं काही खरं नाही. मग म्हटलं, आपलीच सांगू."

कॅसेटवरची घरघर मला आता कळली. गोष्ट सांगायला ते प्लांटमध्येच बसायचे. खोलीत आठ जण होते, तिथे लाज वाटायची. मी लहानपणी रोज झोपताना तो आवाज ऐकायचे. राजवाडा घोरतोय म्हणायचे.

त्या आवाजात त्यांना चोवीस वर्षं झाली, आणि कानात घालायला कुणी काही दिलं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

कागदाचं कुणीच बोललं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चाचणीसाठी ठेवलेली श्रवणयंत्रांची जोडी महिनाभर वापरायला दिली. आईला फोन करावासा फार वाटला. केला नाही. बाबा म्हणालेत, "ते माझं मी बघीन."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

यंत्रं बसवली. आधी डावं, मग उजवं. बाबा ताठ बसले होते, दाढी करायला बसल्यासारखे.

चालू केल्यावर पहिलं वाक्य: "हे किर्र किर्र काय?" मी कागद उलटत होते, तो आवाज. मग म्हणाले, "तू एवढी हळू बोलतेस? मला वाटायचं, तू कायम भांडतेस."

एसीच्या झोताकडे मान वर करून बराच वेळ ऐकलं. "बेअरिंग जाणार आहे याचं. महिन्याभरात." बाहेर पडताना देखभाल विभागात जाऊन सांगूनही आले. लोक पहिल्यांदा ऐकल्यावर रडतात असं मी इतरांना सांगत असते. आमचे बाबा तक्रार नोंदवतात.

बसस्टॉपवर म्हणाले, "आता खरी गोष्ट सांग."

"कुठली?"

"सिनेमातली."

सगळी सांगितली. चरखे, शिंका, हरवलेलं आमंत्रण. काळ्या पडद्यावर कोण काय बोलत होतं तेही. राजा मुलीला म्हणतो, का ते तुला कधी सांगितलं नाही, चुकलं माझं — तेही. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. दोन बस सोडल्या.

मग म्हणाले, "माझीच बरी होती."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन. बाबांनी स्पीकर लावला, मांडीवर ठेवला, आणि सुरुवातच केली नाही. आईच घाबरली. "हॅलो? लाइन गेली का?"

"लाइन आहे. तू बोल."

आधी तिला सुचेना. मग नळाचं पाणी, सुरेशभावोजींची म्हैस, गुडघा, मागच्या दाराचं बिजागर. बोलतच राहिली. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तिसरी शिट्टी झाली बघ कुकरची. गॅस बंद कर."

पलीकडे पावलं. चालत गेल्याचा, परत आल्याचा आवाज. मग आई अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "कधी येताय?"

बाबांनी 'येतो' अशी मान हलवली. फोनवर! आईला ते दिसणार नाही हे मी सांगितलं नाही. पर्समधून कागद काढला, चार घड्यांच्या आठ केल्या आणि परत ठेवला.